मुळं धुणारे सर

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, भाडंही सांगितलं नाही. अंगात बाह्यांचं बनियन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. दारातच उभं राहून म्हणाले, "भात लावलाय का कधी?"

मी म्हटलं, "लावलाय. चिपळूणजवळ गाव आहे आमचं. दर पावसाळ्यात लावणीला जायचे."

"मूळ बघितलंय त्याचं? धुऊन?"

"धुऊन कशाला बघायचं?"

ते मागं वळून आत ओरडले, "अगं, खोली दिली. कोकणातली बाई हाय. डोकं लई चालंल असं वाटत नाय, पण हात चालतील."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रसायनशास्त्राची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, तर विभागातल्या सगळ्यांत जुन्या टेबलामागं हेच गृहस्थ सफारी घालून बसलेले. नखं अजून काळीच. विभागप्रमुखांना म्हणाले, "ह्या आमच्या भाडेकरू. रसायनशास्त्र किती येतं ते अजून तपासलं नाय."

घर उस्मानपुऱ्यात होतं. खाली सर आणि काकू, वर माझी खोली आणि माझ्या खोलीच्या वर गच्चीत भात. पाण्याच्या जुन्या टाक्या आडव्या कापून केलेले टब, तडे गेलेल्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, सगळ्यांत चिखल आणि चिखलात भाताची रोपं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात, नळाला दिवसाआड पाणी येत असताना, हा माणूस गच्चीवर भातशेती करायचा. शेजारपाजारचे लोक गच्चीकडं बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "ते बघा, पागल प्रोफेसर." सरांच्या ते कानावर होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की प्रोफेसर नाय, रीडर म्हणा, बढती अजून व्हायची हाय.

टबांतलं पाणी माझ्या छतातून झिरपायचं. भातशेतीच्या खाली राहणारी मराठवाड्यात मी एकटीच असेन. तक्रार केली तेव्हा सर लगेच वर आले. ठिबकणाऱ्या जागेखाली त्यांनी एक काचेची बाटली ठेवली, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'निचरा'. छत तसंच राहिलं. बाटली भरली की ती न्यायला मात्र न चुकता यायचे.

पोलीस ॲक्शन होऊन मराठवाडा भारतात आला तेव्हा सर उर्दू शाळेत दुसरीत होते. पुढं शाळा मराठी झाली, पुस्तकं बदलली, पण सरांचे पाढे आणि शिव्या उर्दूच राहिल्या. परीक्षानळी फोडणारा पोरगा 'अहमक', उशिरा येणारा 'नामाकूल', आणि प्राचार्य 'हुजूर', तेही त्यांच्या पाठीमागं. 'नालायक' या शब्दाचा अर्थ ते वर्गात फोड करून सांगायचे, नाल्याच्या लायक. त्यांना नाल्याचा विषय कुठूनही काढता यायचा.

मूलद्रव्यांचा तक्ता त्यांच्याइतका मजेत शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तक्ता म्हणजे एक चाळ, असं ते सांगायचे. "हे जस्त. सज्जन माणूस. झाडाला लागतं, आपल्याला लागतं. त्याच्या खालच्या मजल्यावर हा कॅडमिअम राहतो. चेहरा तसाच, चाल तशीच, धंदा वेगळा. आणि त्याच्या खाली पारा. सगळं एका खानदानातलं." मग खडू खाली ठेवून म्हणायचे, "मुळाला जस्त पाहिजे असतं. ते दार उघडतं. जस्ताच्या मागनं हा बी आत शिरतो. मूळ काय रेशनकार्ड बघतंय व्हय?"

त्यांना झाडाच्या वरच्या भागात काडीचा रस नव्हता. पानं, फुलं, फळं हे सगळं त्यांच्या लेखी लोकांना दाखवायला घातलेले कपडे. कुणाच्या घरी गेले की नजर कुंड्यांकडं. प्राचार्यांच्या बंगल्यावर चहाला गेलो होतो तेव्हा त्यांनी व्हरांड्यातलं नवं कोरं क्रोटन कुंडीतून उपसून उलटं धरलं. प्राचार्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या. सर त्यांना म्हणाले, "जागा नाय म्हणून मुळं गोल गोल फिरायलीत. तुमच्या साहेबांच्या स्टाफसारखी." त्यानंतर विभागाला बंगल्यावर चहाला बोलावणं आलं नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. चहा पांचटच होता म्हणाले.

भाताचं वेड त्यांना लागलं ते मेव्हण्यामुळं. काकूंचा धाकटा भाऊ गंगापूर रस्त्याला, कारखान्यांच्या वसाहतीच्या पलीकडच्या गावात शेती करायचा. आम्ही सगळे त्याला मामाच म्हणायचो. वसाहतीतून एक नाला निघायचा आणि मामाच्या सखल रानाच्या कडेनं जायचा. त्या रानात बारा महिने पाणी साचायचं. कपाशी कुजायची, ज्वारी पिवळी पडायची. शेवटी मामानं तिथं भात घातला आणि तो असा फोफावला की बघायला माणसं यायला लागली. नाल्याचं पाणी कधी हिरवट, कधी पिवळट, कधी फेसाळ यायचं. मामा म्हणायचा, "खत हाय त्यात. फुकटचं."

सरांनी बांधावर उभं राहून एक रोप उपटलं, नाल्यापासून लांबच्या विहिरीवर नेऊन धुतलं आणि बघतच राहिले. मुळं गंजलेल्या खिळ्यासारखी तांबडी होती. ती तांबडी असणं काही वाईट नव्हे, भाताची मुळं चिखलात असतात तशी. सर अडकले ते दुसऱ्याच प्रश्नात. त्या तांबड्यात आणि त्याच्या आत आणखी काय काय असेल? घरी येताना त्यांनी त्या रानातली पोतंभर माती मागितली. तुमच्या ताईला गुलाब लावायचेत म्हणाले. मामानं हौसेनं स्वतः दोन पोती आणून टाकली.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. काकूंची पोह्यांची पांढरी ताटली, तिच्यात पाणी, आणि पाण्यात पसरलेली मुळं.

"बाई, हे बघा. चिखलात हवा नसते. दुसरं झाड तिथं गुदमरून मरतं. भात मरत नाय, का?"

"खोड पोकळ असतं," मी म्हटलं.

"व्हय. आतनं नळ्याच हायत. पानानं हवा घ्यायची आन् नळीनं खाली मुळापर्यंत पोचवायची. थोडी हवा मुळातनं भाईर गळते. चिखलातलं लोखंड तिथं गंजतं आन् मुळावर थर बसतो. म्हंजे मुळाला चिलखत मिळालं. क्रोमिअम, शिसं, ह्यांच्यातलं पुष्कळ तिथंच अडकतं. अडकलं नाय तरी मुळाच्या आतच बसून राहतं, वर चढायला आळशी."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं हाय. पण कॅडमिअम आळशी नाय." त्यांनी ओल्या बोटानं मुळापासून लोंबीपर्यंत हवेत एक रेघ ओढली. "ते जस्ताच्या दारानं घुसतं, लोखंडाच्या दारानं घुसतं, दिसल त्या दारानं घुसतं. आत गेलं की थेट दाण्यापर्यंत."

मोजायचं यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांचा जुना विद्यार्थी होता. सर वाळवलेली मुळं, खोडं आणि दाणे वेगवेगळ्या पाकिटांत भरून एसटीनं पुण्याला न्यायचे. एकदा त्यांना जिवंत रोपच न्यायचं होतं, तर ते टबासकट गाडीत चढले आणि टब शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, हे सामान टपावर टाका. सर म्हणाले, "हे सामान नाय. हे श्वास घेतंय. तुमच्यापेक्षा बरा घेतंय, विडी ओढत नाय." शेवटी टब त्यांच्या मांडीवर गेला. पुण्यापर्यंत निम्मा चिखल सफारीवर आला होता. विद्यार्थी घ्यायला आला तेव्हा त्यानं आधी टब ओळखला, मग सर.

मी राहायला आले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाच्या आठवड्यात मामा टेम्पो घेऊन दारात आला. टेम्पोत तांदळाची पोती.

"दाजी, वास घ्या नुसता. भाचीच्या लग्नाला मामाचा भात. समद्या पंगतीला पुरल."

सरांच्या खिशात नुकताच पुण्याहून आलेला रिपोर्ट होता. ते म्हणाले, "पोतं उतरवू नका."

"का?"

"ह्यात कॅडमिअम हाय."

मामानं पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घालून मूठभर तांदूळ काढले आणि उन्हात धरले. "कुठंय? दाखवा मला. बायका बसवू निवडायला. खडे काढतो तसं काढून टाकू."

"ते दिसत नाय."

"दिसत नाय. वास?"

"नाय."

"चव?"

"चव बी नाय."

"मंग हाय कशावरून?"

"मी तुमच्या रानातल्या मातीत वर गच्चीवर भात घेतलाय. तुमच्या नाल्याचं पाणी कॅनमधी भरून आणून घातलंय. तपासून आणलाय."

मामानं मुठीतले तांदूळ पोत्यात परत टाकले. मग दारात उभ्या असलेल्या काकूंकडं बघून म्हणाला, "ताई, गुलाब कुठंयत गं?"

काकूंनी सरांकडं पाहिलं. त्यांनाही गुलाबाचं काही माहीत नव्हतं.

सर समजवायला गेले. एका पंगतीनं कुणाला काही होत नाही, म्हणाले. हे रोज खाणाराच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत जातं, हाडं पोकळ करतं. "पंगतीचं सोडा पाव्हणं. तुमच्या घरात हे दोन्ही वेळा शिजतंय. मला त्याची काळजी हाय." पण मामाला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. बहिणीच्या दारातून त्याचा टेम्पो भरलेला परत चालला होता आणि सगळी गल्ली बघत होती.

सर म्हणाले, बाजारातून दुसरा तांदूळ आणतो. तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या भावाचा भात नाय, तर कुणाचाच नाय."

आणि खरोखरच त्या लग्नात भात नव्हता. पुरी होती, बुंदी होती, वांग्याची भाजी होती, भाकरी होती. वरण होतं, पण ते कशावर घ्यायचं हे कुणाला कळत नव्हतं. व्याही पुण्याकडचे होते. ते पंगतीत बराच वेळ वाट बघत बसले, मग शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "इकडं भात शेवटी वाढतात का?" त्यातल्या त्यात बरं म्हणजे मराठवाड्यात अक्षता ज्वारीच्या असतात, त्यामुळं लग्न तरी लागलं. मामा नवरीच्या मागं उभा राहिला, रीत सगळी केली, पान खाल्लं आणि न जेवता गेला.

काकूंनी त्या दिवसापासून सरांशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायच्या, पण निरोप माझ्यामार्फत. सर पाटावर बसलेले असायचे आणि काकू जिन्याशी येऊन मला हाक मारायच्या, "पोरी, त्यांना सांग, आमटीत मीठ कमी असंल तर घ्या." मी वरून सांगायचे. सर खालून म्हणायचे, "त्यांना सांगा, बरोबर हाय." माझा एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा हेच करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर मामा एकटाच आला. चहा घेतला नाही. सरळ गच्चीवर गेला आणि टबांकडं बघत उभा राहिला.

"दाजी, आईची हाडं दुखायलीत. कंबर धरून बसलीय. तुमच्या त्या धातूनं व्हय?"

सर एरवी कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचे, येत नसलं तरी द्यायचे. या वेळी म्हणाले, "माहीत नाय पाव्हणं. म्हातारपणानं बी दुखत्यात."

"पर त्यानं बी असू शकतंय."

"असू शकतंय."

मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मंग काय करू सांगा. भात सोडला तर तिथं दुसरं काय येत नाय. आन् नाल्याबद्दल बोंब मारायची सोय नाय, थोरलं पोरगं त्याच वसाहतीत कामाला हाय."

सर एकदम खुलले. त्यांच्याकडं उपाय तयार होता, कुणी विचारतच नव्हतं. रानात चर खणायचे. भात पोटरीत आला, म्हणजे लोंबी पोटात धरली, की साचलेलं पाणी चरातून काढून द्यायचं. मातीत हवा शिरेल, मुळावरचा गंजाचा थर वाढेल, चिलखत जाड होईल आणि धातू बाहेर अडकेल. त्यांनी हे मामाला असं रंगवून सांगितलं की मलाही पटलं, आणि माझ्याकडं तर पदवी होती.

त्या पावसाळ्यात सर दर सुट्टीला मामाच्या रानात होते. स्वतः कुदळ घेऊन चर खणायचे. कोकणातली म्हणून लावणीला मलाही जुंपलं. "ओळ वाकडी चाललीय बाई," असं मला तो माणूस सांगायचा ज्यानं आयुष्यात बादलीबाहेर भात लावला नव्हता. पीक पोटरीत आलं, पाणी काढलं, रान भेगाळलं, दाणा भरला. मामा खूश. सरांनी दाणे पुण्याला पाठवले. पण मामा रिपोर्टसाठी थोडाच थांबणार होता. घरात तोच भात शिजायला लागला आणि उरलेला आठवडी बाजारात जायला लागला. मामा हाळी द्यायचा, "सरांचा भात, कॉलेजात तपासलेला." लोक घ्यायचे. गंगापूरच्या बाजारात सरांचं नाव तांदळावर चालतंय हे ऐकून काकू मला म्हणाल्या, "त्यांना सांग, बरं झालं."

रिपोर्ट आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सरांनी कागद वाचला, उलटा करून पाठीमागं बघितलं, पुन्हा वाचला. मग टबाच्या काठावर बसले.

"अहमक," म्हणाले.

"कोण सर?"

"मी."

आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता, चांगला वाढला होता. सर चिखलाकडं बघत तुटक तुटक बोलले. पाण्याखाली, हवा नसताना, मातीतलं गंधक कॅडमिअमला बांधून ठेवतं. पाणी होतं तोवर ते बरंचसं जखडलेलं होतं. आपण पाणी काढलं, हवा शिरली, बेड्या तुटल्या. नेमकी दाणा भरायच्या वेळेला. "चिलखताच्या नादात कैदी सोडून दिले मी," म्हणाले. हे कळायला पुस्तक पुरेसं होतं, पुस्तक त्यांच्या कपाटात होतंही. आपल्याला सुचलेलं बरोबरच असणार, म्हणून त्यांनी उघडलं नव्हतं.

त्या दिवशी गंगापूरचा बाजार होता. सर पायजम्यावरच निघाले. काकू मला म्हणाल्या, "तू जा त्यांच्यासंगं. तिथं मार खातील." आम्ही मिळाली ती जीप पकडली.

मामा पोती मांडून बसला होता, भोवती चार-पाच गिऱ्हाइकं. सर तडक गेले आणि उघड्या पोत्यावर बसले. म्हणजे तांदळावरच.

"हा भात कुणी घेऊ नका," ते म्हणाले. "हा खराब हाय."

मामानं सरांचा दंड धरला. "दाजी, उठा. लोक बघायलेत."

"बघू द्या. लोकांनो, मी ह्यांना चुकीचं सांगितलं. मी कॉलेजात शिकवतो, पण मला अक्कल कमी पडली. माझं नाव घेऊन हा विकला जायलाय, म्हणून मी सांगायला आलोय."

"दाजी," मामा म्हणाला, "लग्नात माझी इज्जत घालवली, आता बाजारात घालवायलात."

"ह्या वेळेला तुमची नाय पाव्हणं. माझी घालवायलोय."

मग त्यांनी बाजाराला गंधक समजावून सांगितलं. हवा, पाणी, मूळ, दाणा, सगळं. शेजारच्या मिरचीवाल्यानं वजनं खाली ठेवून ऐकलं. कुणाला काही कळलं असेल असं नाही, पण शहरातला शिकलेला माणूस भर बाजारात स्वतःला गाढव म्हणतोय हे सगळ्यांना कळत होतं आणि तेवढ्यासाठी गर्दी थांबली होती. एका म्हातारीनं पिशवी पुढं करून विचारलं, "मंग तांदूळ देता का नाय?"

"नाय आजी."

"मंग उठा की. दुसऱ्याला बसू द्या."

माणसं हसली. मामाही हसला असता, एरवी. त्यानं खाली बघत एकेका पोत्याचं तोंड शिवलं, सर ज्याच्यावर बसले होते तेवढं ठेवून. मग म्हणाला, "आता उठा," आणि सर उठले.

परतीच्या जीपमध्ये मामा आमच्याबरोबर होता. पोती टपावर. गावाचा फाटा जवळ आला तेव्हा तो सरांना म्हणाला, "दाजी, तुम्ही गप बसला असता तर कुणाला कळलं असतं का?"

"नाय."

"मंग?"

"तुम्ही रोज खाता," सर म्हणाले. "त्यात आई हाय."

मामानं जीप थांबवायला सांगितली. फाट्यावर उतरला, जीपवाल्याला पोती उतरवू नको म्हणाला. "ही ह्यांच्या घरी टाका. माझ्या घरात नको."

ती पोती आमच्या जिन्याखाली राहिली. पुढं उंदीर लागले तर सर मांजर आणू देईनात. उंदरांवर काय परिणाम होतो ते बघायचंय म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात शिरलो तर काकू मधल्या खोलीत वाट बघत होत्या. मला वाटलं, आता निरोप येणार. त्या सरळ सरांना म्हणाल्या, "पाय धुवा आधी. आन् मला सांगा, त्या रानात खायचंच पिकवायचं असं कुणी सांगितलंय?"

सर उंबऱ्यावर एका पायावर उभे राहिले. मुलीच्या लग्नानंतर बायको पहिल्यांदा बोलली होती, ह्याचं आश्चर्य करावं की प्रश्नाचं उत्तर द्यावं ते त्यांना समजेना.

"चर खणलेत ना?" काकू म्हणाल्या. "आता पाणी साचत नाय. मंग झेंडू येत नाय व्हय?"

झेंडू आला. चर खणले नसते तर आला नसता, आणि चर खणायला लावले म्हणून आपला सल्ला निम्मा तरी बरोबर होता, असं सर पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत राहिले. काकू तेव्हा भांडी जोरात घासायच्या. मामानं नाल्यावरची मोटर काढली, झेंडूला विहिरीचं पाणी धरलं आणि खायचा दाणा दुकानातून आणायला लागला. त्याच्या आईची कंबर राहिली तशीच, कधी कमी कधी जास्त. ती कशानं दुखत होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नाल्याचं सरांनी पुष्कळ केलं. अर्ज दिले, सरकारी कचेरीच्या दाराशी जाऊन बसले. मामाची सही मात्र कधी मागितली नाही. शेवटी एक साहेब गाडीतून आला, नाल्याकाठी उतरला, आणि त्यानं वसाहतीच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी अजून स्वच्छ असतं तिथं, बाटली भरून घेतली. सर म्हणाले, "साहेब, जरा खाली भरा." साहेब म्हणाला, "खाली वास येतो."

सर निवृत्त झाले आणि थोड्या वर्षांनी गेले, हृदयविकारानं, अगदी पटकन. मी तोवर खोली सोडली होती, लग्न झालं होतं. भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "डाक्टरला विचारत होते, मी गेल्यावर माझ्या मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासता येईल का. डाक्टर घाबरून गेला." हे सांगताना त्या हसल्या आणि मग पदर तोंडाला लावला.

त्यानंतरच्या कुठल्याशा दसऱ्याला मी क्रांती चौकात फुलं घ्यायला गेले. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग आणि एका ढिगामागं मामा, केस पिकलेले, टोपी तीच. त्यानं मला पाहिलं नव्हतं. समोर एक बाई पिशवी भरून घेत होती आणि मामा तिला सांगत होता, "हार करा, तोरण करा, गाडीला बांधा. वाळल्यावर गाईपुढं टाकू नका. कुंडीत खत म्हणून बी घालू नका."

"का हो? औषध मारलंय का?"

"मारलं नाय. मातीत हाय, ते मुळातनं वर चढलंय."

बाईनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, पिशवी त्याच्याच ढिगावर रिकामी केली आणि पलीकडच्या गाड्याकडं गेली. मामानं फुलं सारखी केली, पाणी शिंपडलं.

गाईचं सरांनी त्याला कधी सांगितलं होतं का ते मी आठवून पाहिलं. माझ्यासमोर तरी नाही.

मी पुढं झाले. "मामा, असं सांगत बसलात तर विकणार कसं?"

"विकतंय की," तो म्हणाला, मला ओळखून जरा सरळ बसला. "सांज होईस्तवर निम्मं जातंय." मग तराजूत फुलं घालता घालता थांबला. "बाई, तुमच्याकडं गाय हाय का?"

"नाही मामा. तिसऱ्या मजल्यावर राहते मी."

"मंग न्या," म्हणाला, आणि वरून आणखी एक ओंजळ घातली.